सांगलीत बिऱ्हाड करायचं तर

गेल्या वर्षभरात ओळखीतली तीन कुटुंबं सांगलीला राहायला आली. एक पुण्याहून, एक ठाण्याहून, एक थेट बेंगळुरूहून. तिघांनीही येण्याआधी मला तासतासभर फोन केले आणि तिघांनाही मी जवळपास तेच सांगितलं. म्हणून आता एकदा नीट लिहूनच काढते.

मी मूळची डोंबिवलीची. 2015 च्या जूनमध्ये नवऱ्याला कुपवाडच्या एमआयडीसीत फाउंड्रीत नोकरी लागली आणि आम्ही चार वर्षांच्या मुलीला घेऊन इथं आलो. तोपर्यंत मी दहा वर्षं डोंबिवली ते फोर्ट लोकलनं जात होते, घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत रोज बारा तास. इथं आल्यावर मुंबईच्याच एका ऑफिसचे हिशेब घरून बघायला लागले. पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी साडेसहाला काम संपलं, भाजी आणली, मुलीला आमराईत फिरवून आणलं, स्वयंपाक झाला, आणि घड्याळात बघितलं तर आठ वाजत होते. पूर्वी आठला मी कुर्ला आणि घाटकोपरच्या मधे उभी असायचे. सांगलीत काय आहे असं कुणी विचारलं की मला पहिल्यांदा ती संध्याकाळ आठवते.

पण नुसत्या त्या संध्याकाळवर भाळून कुणी घर घेऊ नये.

आधी नदी समजून घ्या

सांगलीत घर बघायला आलात की खोल्या, पार्किंग, लिफ्ट हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच, कृष्णेच्या पुराचा, "2019 ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?" आणि तो एजंटाला विचारू नका. शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा, इस्त्रीवाल्याला विचारा, समोरच्या घरातल्या आजींना विचारा.

आम्ही आलो तेव्हा आधीच्या पुराचं असं काही विचारलं नव्हतं. गावभागात एका जुन्या वाड्यात तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. ज्यानं खोल्या दाखवल्या तो म्हणाला, 2005 ला एकदा आलं होतं, आता काय येत नाही. आम्ही विश्वास ठेवला. वाड्याच्या दिंडी दरवाजाच्या चौकटीवर खिळ्यानं ओढलेली एक रेघ होती, शेजारी 2005 कोरलेलं. माझ्या कमरेएवढ्या उंचीवर. मी चार वर्षं त्या रेघेशेजारून येजा केली आणि ती मला कधी नीट दिसलीच नाही.

2019 च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घरमालकीणबाई खाली आल्या आणि म्हणाल्या, "वैनी, सामान वर घ्या. कट्ट्यावर नको, वरच्या मजल्यावर." पाणी अजून मारुती चौकातसुद्धा नव्हतं. मी म्हटलं, बघू सकाळी. त्यांनी माझं ऐकलं नाही. त्यांची दोन्ही मुलं आली आणि रात्री अकरापर्यंत आमचा फ्रीज, धान्याचे डबे, मुलीची पुस्तकं, माझ्या ऑफिसच्या फायली जिन्यानं वर गेल्या. जड कपाट आणि पलंग राहिला. दुसऱ्या दिवशी गटारातून पाणी उलटं वर यायला लागलं. नदीकाठानं नाही, आधी गटारातून, हे लक्षात ठेवा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ त्या वेळी पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं. इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45, म्हणजे कल्पना करा. आम्ही विश्रामबागेत नवऱ्याच्या एका सहकाऱ्याकडे नऊ दिवस राहिलो. परत आलो तेव्हा दिंडीवरची 2005 ची रेघ गाळानं दिसत नव्हती आणि तिच्या वर हातभर ओली खूण होती. मालकीणबाईंनी साफसफाई झाल्यावर पहिल्यांदा काय केलं असेल, तर थोरल्याकडून तिथं दुसरी रेघ ओढून घेतली.

आता हे कसं वापरायचं ते सांगते. हरभट रोड, टिळक चौक, मारुती चौक, गावभाग हे सगळं जुनं शहर नदीला लागून आहे. तिथं राहायची मजा वेगळीच, घाट पायाखाली, मंदिर, पेठ, सगळं चालत. पण घ्यायचं तर पहिल्या मजल्याच्या वरचं घ्या, आणि मीटर, पाण्याची मोटार, इन्व्हर्टर कुठं बसवलाय ते बघा. शहाणी माणसं मोटार वर चढवून ठेवतात. दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट या भागांत पाणी सगळ्यांत आधी शिरतं, तिथं स्वस्त मिळालं तरी थांबा. विश्रामबाग आणि मिरजेकडचा भाग उंचावर आहे, 2019 ला तिकडं नदीचं पाणी नव्हतं. शामरावनगरची गोष्ट निराळी, तिथं पावसाचं पाणी साचतं. जमीन काळी, सखल, पाणी मुरत नाही. तिथलं घर एकदा तरी जुलैत, भर पावसात जाऊन बघा.

पावसाळ्यात आम्ही सगळे इथं दोन आकडे रोज बघतो. आयर्विन पुलाची पातळी, आणि कोयना धरणातून किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग सोडलाय. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि वारणा इथंच हरिपूरला. वारणेलाही पूर असला की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगतं. म्हणून नुसता सांगलीतला पाऊस बघून उपयोग नाही. इथं ऊन पडलेलं असताना पाणी चढू शकतं, कारण पाऊस महाबळेश्वरला आणि पाटणला पडत असतो. कोयनेचं पाणी सांगलीत यायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आपला. त्या वेळेत सामान वर घ्यायचं. उद्या नाही.

एवढं वाचून कुणी घाबरून यायचंच टाळावं असं मात्र मला वाटत नाही. उलट सांगते, जुलैत एका संध्याकाळी आयर्विन पुलावर या. 1929 चा दगडी पूल आहे. अख्खं शहर "पाणी बघायला" आलेलं असतं. पोरं बापाच्या खांद्यावर, म्हातारी माणसं कठड्याला हात लावून, मक्याची कणसं भाजणारे, आणि प्रत्येक जण शेजारच्या अनोळखी माणसाला सांगतोय की काल किती फूट होतं आणि आज किती. इथं कुणाशी बोलायला ओळख लागत नाही, "चढलंय काय हो?" एवढं पुरतं. माझ्या सांगलीतल्या निम्म्या ओळखी त्या पुलावर झाल्यात.

हिवाळ्या-उन्हाळ्यात तीच नदी शांत असते. पहाटे घाटावर पोहणारे येतात, त्यांच्यात सत्तरीचे लोकही असतात. पण नदीत मगरी आहेत, भिलवडीपासून खाली सांगलीपर्यंत. नव्या माणसानं एकट्यानं, आडवाटेला, स्वतःच्या हिमतीवर पाण्यात उतरू नये. रोज पोहणाऱ्यांना विचारा, ते सांगतील कुठं आणि कधी.

कागद

घर विकत घ्यायचं असेल तर एक शब्द पाठ करा, गुंठेवारी. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेले प्लॉट, त्यावर उभ्या राहिलेल्या वसाहती. सांगलीत असे भाग पुष्कळ. राज्याचा 2001 चा कायदा आहे, त्याखाली प्लॉट नियमित करून घेता येतात. घर गुंठेवारीत आहे म्हणून सोडून देऊ नका, पण नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हातात बघितल्याशिवाय इसारही देऊ नका. "फाइल आत आहे" याला काही अर्थ नाही. जुन्या पेठेतलं घर असेल तर प्रॉपर्टी कार्डावर किती वारसांची नावं आहेत ते मोजा. आम्ही एका घरावर सहा महिने घालवले, आवडलं होतं, अंगणात पारिजातक होता. अकरा वारस निघाले, त्यातले दोन परदेशी. सोडून दिलं. वकील इथलाच घ्या, मुंबईच्या वकिलाला या गोष्टी सांगेपर्यंत त्याची फी होते.

शेवटी 2021 मध्ये विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. त्याच जुलैत पुन्हा मोठा पूर आला. गावभागातल्या आमच्या घरमालकीणबाई या वेळी आमच्याकडे राहायला होत्या.

माणसं

इथली बोली पहिले काही महिने कानाला तुटक वाटेल. दुकानदार "काय पायजे?" म्हणतो, त्यात तुसडेपणा नसतो. "हाय की", "या की", "बसा की" मधला तो "की" फार मायेचा आहे, तो ओळखायला शिका. "जेवून जावा" म्हणाले तर ते खरंच ताट वाढणार आहेत. पहिल्यांदा मी डोंबिवलीच्या सवयीनं "नको नको, निघते" म्हटलं, तर शेजारच्या आक्का दोन दिवस बोलल्या नाहीत. आता मी बसते.

दुसरं, इथं लोक चौकशी करतात. नवरा कुठं कामाला, सासर कुठलं, भाडं किती देता, एकच मुलगी का. मला सुरुवातीला हे अंगावर यायचं. पण ज्या बाईनं मला एकच मुलगी का म्हणून विचारलं, तिनंच पुढं माझी आई आजारी असताना ती मुलगी पंधरा दिवस सांभाळली, शाळेचा डबा करून दिला. चौकशी नको असेल तर हसून विषय बदलता येतो, कुणी मनाला लावून घेत नाही. पण दार लावून बसलात तर कुणी वाजवणार नाही, आणि मग या शहरात राहण्याचा सगळ्यात मोठा लाभच गेला.

लोकांत मिसळायला सगळ्यात सोपी वेळ म्हणजे गणपती. संस्थानच्या गणपतीचं विसर्जन पाचव्या दिवशी असतं, मिरवणूक पेठेतून सरकारी घाटावर जाते. त्या दिवशी ऑफिसचं काम ठेवू नका.

चटणी आणि हळद

हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय, कारण पहिल्या उन्हाळ्यात मला यातलं काही कळलं नव्हतं.

सांगलीत चटणी म्हणजे शेंगदाण्याची नाही, खोबऱ्याची नाही. चटणी म्हणजे वर्षभराचा लाल कांदा-लसूण मसाला. मार्च-एप्रिलमध्ये प्रत्येक घरात चटणी होते आणि ती कुणी एकटी करत नाही. नव्या घरात आलात की शेजारणीला फेब्रुवारीतच विचारून ठेवा, "तुमची चटणी कधी?" त्या दिवशी सकाळी चाकू घेऊन जा. कांदे चिरायचे, वाळवायचे, तळायचे, लसूण सोलायचा, धणे, तीळ, सुकं खोबरं वेगवेगळं भाजायचं. मिरची रंगाला ब्याडगी आणि चवीला संकेश्वरी, प्रमाण प्रत्येक घराचं वेगळं आणि प्रत्येक घराचं बरोबर. मग सगळं डब्यात भरून डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत. लोखंडी मुसळं धाडधाड वरखाली होतात, हवेत तिखट इतकं की रुमाल बांधूनसुद्धा डोळ्यांतून पाणी. डंकावरची बाई चिमूटभर उचलून जिभेवर ठेवते आणि मीठ कमी की नाही ते सांगते. आम्ही चौघी जणी तिथं पायरीवर बसून राहतो, दोन तास सहज जातात. घरी येऊन ती चटणी बरणीत दाबून भरायची, वर हिंगाचे खडे. आणि पहिली वाटी जिनं कांदे चिरायला मदत केली तिला.

हळदीचंही तसंच. सांगलीची बाजारपेठ हळदीसाठी देशभर माहीत आहे, 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पूर्वी हरिपूरला जमिनीखाली पेवं होती, खोल खड्डे, त्यात हळकुंडं भरून वरून बंद करायचे. माती अशी की माल वर्षानुवर्षं टिकायचा. पुरांनी त्या पेवांची पार नासाडी झाली. तुम्ही पुडीतली हळद बंद करा. सौदे सुरू झाले की मार्केट यार्डच्या आसपासच्या दुकानातून राजापुरी हळकुंडं घ्या, एखादं मोडून आत बघा, रंग गर्द नारिंगी हवा आणि मोडताना टणक आवाज यायला हवा. दोन उन्हं दाखवा आणि दळून आणा. माझी मुंबईची नणंद दर वर्षी माझ्याकडून एक किलो नेते, आणि तिच्या शेजारणीही आता पैसे पाठवतात.

बाकी खाण्याचं थोडक्यात. भडंग सगळीकडे मिळतं, दोन-तीन दुकानांचं खाऊन आपलं ठरवा. हिवाळ्यात कृष्णाकाठची वांगी भरून करा, त्यांना मसाला कमी लागतो. तासगावची द्राक्षं फेब्रुवारीत, बेदाणे त्यानंतर.

मिरजेला जात चला

नवे लोक एक चूक करतात, सांगलीतच फिरतात. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून 1998 पासून एकच महानगरपालिका आहे, 2011 च्या जनगणनेत तिन्ही मिळून पाच लाखांच्या आसपास वस्ती होती. वडापनं (शेअर गाडीनं) किंवा सिटी बसनं विश्रामबागेतून मिरज अगदी जवळ. पण गाव अगदी वेगळं. अर्धं बोलणं कानडी, दवाखाने इतके की कर्नाटकातून पेशंट येतात, आणि दर्ग्याजवळच्या गल्लीत तंतुवाद्यांची दुकानं. इथले कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. त्यांच्या वाडवडलांनी एकोणिसाव्या शतकात सतार आणि तंबोरे घडवायला घेतले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

मुलगी गाणं शिकते, म्हणून आम्ही तंबोरा घेतला. वर्षभरात त्याचा आवाज बसला, तेव्हा जवारी काढायला, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद परत आणायला नेला. दुकान म्हणजे एक खोली, आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले, फरशीवर लाकडाचा भुसा. कारागीर चाचांनी तारा सैल केल्या, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी कानस घेऊन इतकी हलकी घासली की मला वाटलं काही केलंच नाही. तार चढवून छेडली, मान हलवली, पुन्हा घासली. असं पाऊण तास. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवत सरकवत एका जागी आणला आणि त्या जागी तार एकदम गुंजायला लागली, खोलीभर. मुलगी काही बोलली नाही, नुसती डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली. तुम्हाला गाणं येत नसलं तरी एकदा त्या गल्लीत जा. गिऱ्हाईक नसताना गेलात तर बसायला जागा देतात आणि सांगतातही.

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसात तिथं रात्रभर गाणं चालतं, तिकीट नाही, चटईवर बसायचं. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही संगीत महोत्सव असतो. मुंबईत ज्या कलाकारांसाठी मी महिनाभर आधी तिकीट काढायचे, ते इथं पाच हातांवर बसून गातात. आणि नाटकाचं म्हणाल तर 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीतच, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं, पहिलं मराठी नाटक उभं केलं. त्याची आठवण म्हणून 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो. त्या आठवड्यात भावे नाट्यमंदिराकडे लक्ष ठेवा.

नोकरी आणि येणंजाणं

इथं उणं काय, तर नोकऱ्या. फाउंड्री, साखर, शिक्षण, दवाखाने, बँका यांच्या बाहेरचं काम शोधत असाल तर आधी काम हातात घ्या, मग या. "तिथं जाऊन बघू" म्हणून आलेली दोन घरं मी वर्षभरात परत पुण्याला गेलेली बघितलीत, आणि त्यांचा दोष नव्हता. घरून काम करणाऱ्यांनी मात्र इंटरनेटच्या दोन वेगळ्या जोडण्या घ्याव्यात, पावसाळ्यात उपयोगी पडतात.

मिरज जंक्शन ही मोठी सोय. रात्री महालक्ष्मीत बसलं की सकाळी मुंबई. गोवा, बेंगळुरू, तिरुपती, पंढरपूर, सगळीकडे थेट गाडी आहे. माझ्या ऑफिसात महिन्यातून एकदा जावं लागतं, ते मी याच गाडीनं करते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत घरच्या चहाला असते.

येताना ऋतू कोणता निवडायचा, असं ठाण्याच्या मैत्रिणीनं विचारलं होतं. घर बघायला जुलैत या, छत्री घेऊन, पाणी कुठं साचतंय ते स्वतः बघायला. आणि राहायला फेब्रुवारीत या. द्राक्षं आलेली असतात, शेतावर हळद शिजायला लागलेली असते, त्या वाफेचा वास तासगाव रस्त्यावर गाडीची काच खाली केली की येतो. सामान लावून झालं की संध्याकाळी हरिपूरला जा, रस्ता जुन्या झाडांच्या सावलीतून आहे. संगमेश्वराचं दर्शन घ्या आणि मागच्या घाटावर बसा. समोर वारणा येऊन मिळताना दिसते. तिथं कुणी तरी विचारेलच, "कुठलं पावनं?" तेव्हा पत्ता नव्या घराचा सांगा, आणि लगेच विचारून घ्या की चटणीला संकेश्वरी मिरची चांगली कुणाकडं मिळते.